कापलेला पैसा घरी परत येतो
अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी प्राप्तिकराच्या विनामूल्य विवरणपत्राची ओळख

म्हैसूर शहरात सय्याजीराव रस्ता आणि अशोक रस्ता यांच्या आसपास पसरलेला मंडी मोहल्ला हा कष्टकऱ्यांचा आणि लहान व्यापाऱ्यांचा भाग आहे. नावातच मंडी असल्यामुळे तेथे सकाळ उजाडते ती हातगाड्यांच्या खडखडाटाने आणि पोती उतरविणाऱ्यांच्या हाकांनी. मिशन इस्पितळ या नावाने सर्वांना ठाऊक असलेले, १९०६ साली स्थापन झालेले होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालय याच मोहल्ल्यात आहे. कन्नड आणि उर्दू या येथील रस्त्यावरच्या भाषा. पण बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे नाव धारण करणारा रस्ता ज्या शहरात आहे, तेथे अधूनमधून मराठीही कानावर पडावी यात नवल नाही. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करणारी गलाई कारागिरांची कुटुंबे देशभर पांगली आहेत, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाची आहेच.

अशाच एका कुटुंबाचे चित्र आपण मनाशी रेखाटू. घर कल्पनेतले आहे. पण त्याच्या अडचणी मात्र खऱ्या, घरोघरी आढळणाऱ्या आहेत. घरचा कर्ता पुरुष सराफी पेढीसाठी मजुरीने गाळकाम करतो. त्याची पत्नी घर सांभाळून शिवणकाम करते. थोरला मुलगा तीन वर्षे एका कारखान्यात होता. ती नोकरी सोडून तो नुकताच दुसरीकडे लागला आहे. पती निवर्तल्यानंतर कर्त्या पुरुषाची पंचावन्न वर्षांची बहीण भावाकडेच राहावयास आली आहे. पतीच्या विम्याचे आणि भविष्यनिर्वाह निधीचे मिळून आठ लाख रुपये तिने बँकेत मुदतठेवीत ठेवले आहेत. तेवढाच तिचा आधार.

या घरात कोणीही श्रीमंत नाही. कोणाच्याही उत्पन्नावर प्राप्तिकर बसत नाही. तरीसुद्धा एका वर्षात या घराचे पंधरा हजार दोनशे रुपये प्राप्तिकर म्हणून सरकारी खजिन्यात जमा झाले आहेत, आणि घरातील एकालाही त्याची धड कल्पना नाही. हे कसे घडते आणि तो पैसा एक पैही खर्च न करता परत कसा मिळविता येतो, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

कर बसत नाही, मग कापला कसा जातो?

आपल्या देशात प्राप्तिकर प्रथम लागू झाला तो १८६० साली, जेम्स विल्सन या वित्तसदस्याच्या काळात. पुढे १९२२ आणि १९६१ असे दोन मोठे कायदे झाले, आणि १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा अंमलात येण्याचे ठरले. तथापि २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा हिशेब १९६१ च्या कायद्यानेच करावयाचा आहे. या लेखातील सर्व आकडे त्याच वर्षाचे आहेत.

वर्ष संपल्यावर प्रत्येकाने आपला कर भरावा, ही एक रीत झाली. दुसरी रीत अशी की, पैसे देणाऱ्यानेच त्यातील काही भाग आधी कापून घ्यावा आणि सरकारात भरावा. हिला सर्वजण टीडीएस या नावाने ओळखतात. पैसे देणाऱ्या बँकेला अथवा पेढीला समोरच्या माणसाचे एकूण उत्पन्न किती, हे ठाऊक नसते. कायद्याने ठरविलेली मर्यादा ओलांडली की ठराविक टक्के कापावयाचे, एवढेच तिला कळते. म्हणून ज्याच्यावर कर नाही, त्याचाही पैसा कापला जातो. यात बँकेचा दोष नाही. कायद्याने जसे कापावयास सांगितले आहे, तसेच परत देण्याचीही तरतूद केली आहे. मात्र कापणे आपोआप होते, आणि परत मिळण्यासाठी मागावे लागते.

आपल्या कल्पित घराचा हिशेब पाहा. बहिणीच्या आठ लाखांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षाला ५६,००० रुपये व्याज होते. साठ वर्षांखालील व्यक्तीच्या बाबतीत बँकेच्या व्याजाची मर्यादा ५०,००० रुपयांची आहे. ती ओलांडल्यामुळे संपूर्ण व्याजावर दहा टक्के, म्हणजे ५,६०० रुपये कापले गेले. भावाला पेढीकडून वर्षभरात ३,६०,००० रुपये मजुरी मिळाली. ठेक्याच्या कामावरील नियमाप्रमाणे तीतून एक टक्का, म्हणजे ३,६०० रुपये वजा झाले. मुलाने जुन्या नोकरीचा ६०,००० रुपयांचा भविष्यनिर्वाह निधी काढून घेतला. पाच वर्षांची नोकरी पुरी झाली नव्हती आणि रक्कम पन्नास हजारांवर होती, म्हणून दहा टक्क्यांनी ६,००० रुपये कापले गेले. तिन्ही मिळून १५,२०० रुपये होतात.

आता कर किती बसतो ते पाहू. २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत चार लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. चार ते आठ लाखांच्या टप्प्यावर पाच टक्के आणि आठ ते बारा लाखांच्या टप्प्यावर दहा टक्के असा दर आहे. परंतु एकूण करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असल्यास साठ हजार रुपयांपर्यंतची करसवलत मिळून देय कर शून्यावर येतो. पगारदाराला पंचाहत्तर हजारांची प्रमाण वजावट आणखी मिळते. शेअरविक्रीच्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला मात्र ही करसवलत लागू होत नाही, हे ध्यानात ठेवावे. आपल्या घरातील तिघांचेही उत्पन्न चार लाखांच्या आत आहे. कर शून्य, कापलेली रक्कम १५,२०० रुपये. सारीच्या सारी रक्कम परत मिळावयास हवी.

"आता ते कशाचे परत मिळतात?"

अशा घरात होणारे बोलणेही ठराविक असते. बहीण म्हणते, "दादा, बँकेने कापले ते सरकारजमा झाले. आता ते कशाचे परत मिळतात?" भाऊ म्हणतो, "मिळतात गं, पण त्याला वकील लागतो, खेटे घालावे लागतात. पाच हजारांसाठी कोण धावणार?" आणि मुलगा म्हणतो, "आत्या, चौकातला एकजण करून देतो. पाचशे रुपये घेतो आणि आलेल्या रकमेतला वाटा मागतो."

या तिन्ही बोलण्यांत थोडे तथ्य आहे आणि पुष्कळसा गैरसमज आहे. एक काळ असा होता की, विवरणपत्र कागदावर भरून कार्यालयात नेऊन द्यावे लागे आणि परताव्याचा धनादेश केव्हा येईल याची वाट पाहावी लागे. त्या काळी सामान्य माणसाने मध्यस्थाचा आश्रय घेतला, तर त्यात नवल नव्हते. २००९ साली बेंगळूरु येथे विवरणपत्रांच्या प्रक्रियेचे केंद्र स्थापन झाले आणि हे चित्र पालटू लागले. आज देशभरातून संगणकाद्वारे येणारी विवरणपत्रे तेथे तपासली जातात. म्हैसूरच्या कुटुंबाचे विवरणपत्र आणि मुंबईच्या उद्योगपतीचे विवरणपत्र यांचा मार्ग एकच असतो. ७ जून २०२१ रोजी प्राप्तिकर खात्याचे नवे संकेतस्थळ सुरू झाले. इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन हा त्याचा पत्ता. आरंभीच्या काही महिन्यांत त्यावर लोकांना पुष्कळ अडचणी आल्या आणि त्यांची चर्चाही झाली. परंतु आज लहान करदात्याचे काम त्यावर बहुधा एका बैठकीत उरकते. ३१ जुलै २०२४ पर्यंत त्या वर्षाची ७ कोटी २८ लाखांहून अधिक विवरणपत्रे दाखल झाली होती.

या सोयीसाठी शासन काहीही शुल्क घेत नाही. खाते उघडणे, विवरणपत्र भरणे, ते दाखल करणे, पडताळणी करणे, परतावा मिळणे, यांपैकी कशालाही पैसा पडत नाही. उत्पन्न कमी असलेल्यांनाच ही सवलत आहे असे नाही, ती सर्वांना आहे. मात्र तिचे मोल सर्वांत अधिक कोणाला, असे विचारले तर उत्तर मंडी मोहल्ल्यासारख्या वस्तीकडेच बोट दाखवील. कारण ५,६०० रुपयांच्या परताव्यासाठी हजार रुपये देणे तेथे जड जाते, आणि म्हणून परतावाच सोडून दिला जातो.

कामाची पद्धत

विवरणपत्र भरण्यापूर्वी चार गोष्टी हाताशी असाव्यात: पॅन, आधार, आधारला जोडलेला मोबाईल आणि स्वतःच्या नावाचे बँकखाते. पॅन व आधार एकमेकांस जोडलेले आहेत की नाहीत, हे सर्वांत आधी पाहावे. या जोडणीची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२३ रोजी संपली. ज्यांनी जोडणी केली नाही त्यांचे पॅन निष्क्रिय ठरले, आणि एक हजार रुपये शुल्क भरूनच ते पुन्हा चालू करून घेता येऊ लागले. निष्क्रिय पॅनचा तोटा मोठा आहे. पॅनच नाही असे समजून अशा माणसाची कपात वीस टक्क्यांपर्यंत जाते. आपल्या गलाई कारागिराचे पॅन निष्क्रिय असते, तर ३,६०,००० रुपयांतून ३,६०० ऐवजी ७२,००० रुपये कापले गेले असते. शिवाय पॅन सक्रिय होईपर्यंत परतावाही अडतो.

यानंतरची पायरी म्हणजे आपल्या नावावर काय जमा आहे, ते पाहणे. संकेतस्थळावर पॅनच्या आधारे खाते उघडले की दोन उतारे पाहावयास मिळतात. २६ एएस नावाच्या उताऱ्यात कोणी किती कर कापून भरला ते दिसते. वार्षिक माहिती विवरण हा दुसरा उतारा नोव्हेंबर २०२१ पासून मिळू लागला. त्यात व्याज, लाभांश, मोठे व्यवहार यांची नोंद असते. हे उतारे म्हणजे आपले सरकारदरबारचे पासबुकच. जानेवारी ते मार्च या तिमाहीच्या कपातीचा तपशील देण्यास कापणाऱ्याला ३१ मे पर्यंत मुदत असते, म्हणून जूनच्या मध्यापूर्वी घाई करू नये. पेढीने कर कापला, पण उताऱ्यात तो दिसत नाही, असे आढळल्यास पेढीकडे जाऊन चौकशी करावी. बहुतेक वेळा पॅनचा एखादा आकडा चुकलेला असतो आणि पेढीला तो दुरुस्त करता येतो.

तिसरी पायरी योग्य नमुना निवडण्याची. पगार, निवृत्तिवेतन, घरभाडे, बँकेचे व्याज अशा साध्या उत्पन्नासाठी 'सहज' हा पहिला नमुना आहे. मुलाला आणि त्याच्या आत्याला तोच लागेल. स्वतःचा छोटा धंदा अथवा कारागिरी असणाऱ्यासाठी 'सुगम' हा चौथा नमुना आहे. त्यात वह्या न ठेवता जमेच्या ठराविक टक्क्यांनी उत्पन्न दाखविण्याची मुभा असते: बँकेमार्फत आलेल्या रकमेवर किमान सहा टक्के आणि रोखीवर किमान आठ टक्के. हे आकडे किमान आहेत, हे विसरू नये. प्रत्यक्षात अधिक उरत असेल तर अधिकच दाखवावे. गाळकामाच्या मजुरीत खर्च थोडा आणि श्रम फार. त्यामुळे आपल्या कारागिराने खर्च वजा जाता राहिलेले खरे उत्पन्न लिहिले, तरीही ते चार लाखांच्या आतच राहते आणि कर शून्यच येतो.

नमुना उघडल्यावर नाव, पत्ता, पगार, व्याज, कापलेला कर यांतील बराचसा तपशील आधीच भरलेला आढळतो. आपण तो उताऱ्याशी ताडून पाहावयाचा, राहिलेले उत्पन्न भरावयाचे, आणि ज्या बँकखात्यात परतावा हवा त्याची संकेतस्थळावर आगाऊ खातरजमा करून घ्यावयाची. बचतखात्याचे व्याज थोडे असले, तरी ते लिहावे. संकेतस्थळाच्या भाषांच्या यादीत कन्नड आणि मराठी आहेत. तरी विवरणपत्रातील काही शब्द इंग्रजी-हिंदीतच भेटतात, म्हणून घरातील शिकत्या मुलाला शेजारी बसवावे.

शेवटची पायरी लहान आहे, आणि नेमकी तीच विसरली जाते. विवरणपत्र दाखल केल्यावर तीस दिवसांच्या आत त्याची पडताळणी करावयाची असते. आधारच्या मोबाईलवर येणारा सांकेतिक अंक घातला की ती होते. ते जमत नसेल तर पोचपावतीच्या कागदावर सही करून तो टपालाने बेंगळूरुच्या केंद्राकडे धाडावा. पडताळणी झाली नाही तर विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाते. पत्र लिहून पेटीत न टाकण्यासारखाच हा प्रकार होय.

पुढे सारे सुरळीत असेल तर परतावा थेट खात्यात येतो. मुदतीत विवरणपत्र भरणाऱ्यास १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का दराने व्याजही मिळते. हे व्याज पुढील वर्षाच्या उत्पन्नात दाखवावयाचे असते.

मुदत आणि विलंब

पगारदार व साध्या उत्पन्नाच्या करदात्याने ३१ जुलै ही मुदत मनाशी धरून चालावे. कधीकधी शासन मुदत वाढविते. २०२५ मध्ये ती १६ सप्टेंबरपर्यंत वाढली होती. पण वाढेल या भरवशावर बसणे शहाणपणाचे नाही. मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत विलंबाने विवरणपत्र भरता येते. विलंबशुल्क पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नास एक हजार रुपये आणि त्यावर पाच हजार रुपये आहे. ज्याचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्याच आत आहे, त्याला हे शुल्क पडत नाही.

डिसेंबरही हुकला तर परताव्यासाठी विलंबमाफीचा अर्ज करावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने अशा अर्जास पाच वर्षांची मर्यादा घातली आहे. सुधारित उत्पन्न दाखविण्यासाठी नंतर भरता येणारे जे अद्ययावत विवरणपत्र असते, त्यात परतावा मागता येत नाही. तेव्हा जुने पैसे राहिले असतील तर ते आणखी जुने होऊ देऊ नयेत.

करमुक्त मर्यादेखालील माणसाने विवरणपत्र भरलेच पाहिजे असे नाही. परंतु वर्षभरात कापलेला कर पंचवीस हजार किंवा अधिक असेल, अथवा वीजबिल एक लाखावर गेले असेल, तर ते भरणे बंधनकारक आहे. परतावा हवा असणाऱ्याने तर भरावेच. शिवाय सलग दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे हाती असली की कर्ज मागताना तीच आपल्या उत्पन्नाची साक्ष देतात. ज्या कारागिराकडे पगारपत्रक नसते, त्याला हा कागद मोलाचा आहे.

कपातच होऊ नये, असाही मार्ग आहे. ज्याच्या एकूण उत्पन्नावर कर बसणार नाही, त्याने वर्षारंभी बँकेला तशी स्वयंघोषणा लिहून द्यावी. १९६१ च्या कायद्याखाली साठ वर्षांखालील व्यक्तीसाठी पंधरा जी आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी पंधरा एच असे तिचे नमुने लोकांच्या परिचयाचे झाले. नव्या कायद्याबरोबर नमुन्यांचे क्रमांक बदलतात. म्हणून बँकेत "कर कापू नये, यासाठीचे घोषणापत्र द्या," असे सरळ शब्दांत सांगावे. आपल्या घरातील बहिणीने एप्रिलमध्ये हा एक कागद दिला असता, तर तिचे ५,६०० रुपये कापलेच गेले नसते.

चौकातला मध्यस्थ

मदत घेणे वाईट नाही. प्रामाणिक करसल्लागार पुष्कळ आहेत आणि गुंतागुंतीच्या हिशेबाला त्यांचे साहाय्य घ्यावेच. शासनानेही २००६ साली योजना आखून पदवीधर तरुणांना लहान करदात्यांची विवरणपत्रे तयार करण्याचे शिक्षण दिले होते. प्राप्तिकर कार्यालयांतील आयकर सेवा केंद्रांत चौकशी करता येते, आणि १८०० १०३ ००२५ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास पैसे पडत नाहीत.

धोका आहे तो दुसऱ्याच प्रकारच्या माणसाकडून. तो खाते उघडताना आपल्या नावाखाली स्वतःचा मोबाईल आणि स्वतःचा ईमेल नोंदवितो. त्यानंतर खात्याकडून येणारा प्रत्येक संदेश, प्रत्येक नोटीस त्याच्याकडे जाते. ज्याचे विवरणपत्र त्याला पत्ताच नसतो. अधिक परतावा काढून देतो असे सांगून तो न दिलेले भाडे, न केलेला विमा, राजकीय पक्षांना न दिलेल्या देणग्या आपल्या नावे लिहितो आणि आलेल्या रकमेतील वाटा मागतो. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने अशा बनावट वजावटींविरुद्ध देशभर तपासमोहीम उघडली. त्यापूर्वीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपण होऊन १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते, असे खात्याने त्या वेळी जाहीर केले. चुकीची माहिती दिल्याचे ठरल्यास त्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि तो भरावा लागतो विवरणपत्र ज्याच्या नावाचे आहे त्याला. सही आपली असते. मध्यस्थ तोवर दुसऱ्या चौकात गेलेला असतो.

यास्तव तीन नियम घरात सर्वांनी पाळावेत. मोबाईल आणि ईमेल स्वतःचाच नोंदवावा. परवलीचा शब्द आणि मोबाईलवर आलेला सांकेतिक अंक कोणासही सांगू नये. प्राप्तिकर खाते तो कधीही विचारीत नाही, आणि "आपला परतावा मंजूर झाला, येथे दाबा" असे सांगणारे संदेश बहुधा लुबाडणुकीचेच असतात. दाखल केलेल्या विवरणपत्राची प्रत आणि पोचपावती आपल्यापाशी ठेवावी.

एका शिकलेल्या मुलाची दुपार

ही अडचण केवळ आपल्याच देशाची आहे असे नाही. अमेरिकेत अल्प उत्पन्नाच्या लोकांची विवरणपत्रे फुकट भरून देणाऱ्या स्वयंसेवकांची चळवळ १९६९ साली सुरू झाली आणि ती अद्याप चालू आहे. तेथे सरकारने स्वतःची विनामूल्य सोय २०२४ मध्ये बारा राज्यांत प्रयोगादाखल काढली, २०२५ मध्ये ती पंचवीस राज्यांत नेली, आणि त्यानंतर ती बंद केली. आपल्याकडे मात्र शासनाचे विनामूल्य संकेतस्थळ सर्वांना खुले आहे. उणीव आहे ती शेजारी बसून चार ओळी समजावून सांगणाऱ्या माणसाची.

ही उणीव भरून काढणे अवघड नाही. मोहल्ल्यात वाणिज्य शाखेची मुलेमुली आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले कारकून आहेत. जून-जुलैतील दोन रविवारी एखाद्या शाळेची खोली, दोन संगणक आणि असे चार जण मिळाले, तर गल्लीतील वीस-पंचवीस घरांचे काम होऊ शकेल. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करणारी मंडळे किंवा बायकांचे बचतगट यांनी हे मनावर घेतले, तर ते एक मोठे समाजकार्य ठरेल. मात्र सांगणाऱ्याने सांगावे आणि बटण ज्याचे त्याने दाबावे, ही मर्यादा तेथेही सांभाळावी.

आपल्या कल्पित घराकडे शेवटी एकदा वळू. रविवारी दुपारी जेवणे आटोपल्यावर मुलगा आत्याच्या शेजारी बसतो. उताऱ्यात बँकेचे नाव आणि त्यापुढे ५,६०० हा आकडा दिसतो. आत्या चष्मा पुसून तो पुन्हा वाचते. "हे माझेच ना रे?" ती विचारते. "तुझेच, आत्या. आता तुझ्या मोबाईलवर अंक आलाय, तो मला नको सांगूस. तूच घाल."

ती एकेक अंक सावकाश घालते. काही आठवड्यांनी तिच्या पासबुकात एक ओळ वाढेल. रक्कम मोठी नाही. पण ज्या बाईचे सारे वर्ष ५६,००० रुपयांच्या व्याजावर जाते, तिचा त्यात महिन्याहून अधिक काळचा खर्च आहे. शिवाय तो कोणाच्या उपकाराने आलेला नाही. तिचाच होता, तिने मागितला आणि तो तिला मिळाला. पुढच्या एप्रिलमध्ये बँकेत जाऊन कोणता कागद मागावयाचा, हेही आता तिला ठाऊक झाले आहे.